डावा पाय फुकट

६ जानेवारी

चि. छोटीस ताईचे आशीर्वाद,

तुझं पार्सल परवा दुपारी मिळालं. आलेल्या वस्तू अशा: पांढरी टोपी एक. छापील पत्रकं दहा. देणगीदारांची नावं लिहायचा तक्ता एक. बिस्किटांचा डबा एक, पैकी निम्मी बिस्किटं शाबूत, निम्म्यांचा भुगा. चालण्याच्या पोशाखातला तुझा फोटो एक. तिकिटं तू बहात्तरची लावलीस, ती कमी पडली, म्हणून पोस्टमनने माझ्याकडून अकरा घेतले. भुगा टाकला नाही, दुधात कालवून यांना दिला. ‘आज काहीतरी नवीन केलंस वाटतं,’ म्हणाले. मी आणखी एक चमचा वाढला.

फोटो चांगला आलाय. बूट नवे दिसतात. किंमत विचारत नाही, कळली तर माझं जपात लक्ष लागणार नाही.

आता मुद्द्याचं. आई जिथे गेली त्या शुश्रूषा-वॉर्डाला नवे पलंग घ्यायचे आहेत. त्यासाठी बारा एप्रिलला धरणापासून इस्पितळाच्या दारापर्यंत चाळीस किलोमीटर चालायचं. प्रत्येकाच्या पाठीवर कापड, कापडावर आपल्या गेलेल्या माणसाचं नाव. तू आईचं नाव घेऊन चालणार. मी काय करायचं, तर कापडावर शिवायला आईचा लहान फोटो शोधून पाठवायचा, आणि किलोमीटरमागे देणगी देणारे दहाजण आमच्या गल्लीत गाठायचे.

वाचून बरं वाटायला हवं होतं. देवापुढे बसून लिहिते आहे, तेव्हा खोटं लिहीत नाही: वाटलं नाही.

आमच्या घरापासून तो वॉर्ड तीन किलोमीटर. सात महिने मी रोज सकाळी गेले आणि संध्याकाळी परत आले. बस होती. पण बसला सुट्टे लागतात, पायांना लागत नाहीत. काल तक्ता समोर होता म्हणून मागच्या कोऱ्या बाजूवर गुणाकार केला. बाराशे साठ किलोमीटर झाले. मला कोणी टोपी दिली नाही.

असो. फोटो सापडला की पाठवते. फोनवर आपलं दोन वाक्यांत वाजतं, म्हणून पत्रच लिहीत जा. पत्रात निदान समोरचं माणूस मध्ये तोंड घालत नाही.

तुझी
ताई

१४ जानेवारी

ती. ताईस साष्टांग नमस्कार (नडग्या ठणकतायत, म्हणून मनातल्या मनात),

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग रडले, मग पुन्हा बाराशे साठवर आले आणि पत्राची घडी घातली. ताई, मी तुझ्याशी बरोबरी करत नाहीये गं. दिवसभर दुकानात लोकांना चष्मे लावून ‘आता खालची ओळ वाचा’ म्हणत उभी असते. आई गेली त्याला दोन वर्षं झाली आणि मी तिच्यासाठी पायाचं बोटसुद्धा हलवलेलं नाही. म्हणून हे.

आमच्या चालणाऱ्यांच्या मंडळाचे एक प्रमुख आहेत. अग्निशमन दलातून निवृत्त झालेत, सगळे त्यांना कप्तान म्हणतात. गळ्यात शिट्टी. कोणी मागे राहिलं की ती वाजवतात आणि ओरडतात, ‘आग लागलीये असं समजा!’ गेल्या रविवारी मी साडेअकरा किलोमीटर चालले, दोन तास दहा मिनिटांत. कप्तान म्हणाले, ‘तुमची चाल घरातूनच आलेली दिसते.’ मी म्हटलं, ‘हो, माझी ताई बघा एकदा.’

समितीने एका नावामागे एकच माणूस घेतलंय, म्हणून मी घाईने फॉर्म भरून टाकला. दुसऱ्या कुणी आत्येने-मावशीने भरला असता तर? तू काळजी करू नकोस. तू दारात थर्मास घेऊन उभी राहा. चाळीस किलोमीटरनंतर तुझ्या हातचा चहा, एवढंच मागणं आहे.

फोटोचं विसरू नकोस. भाऊजींना नमस्कार.

तुझी
छोटी

२३ जानेवारी

चि. छोटीस आशीर्वाद,

थर्मास. बरं.

पत्र मिळालं त्याच दिवशी मी समितीच्या कचेरीत गेले. इस्पितळाच्या मागे, जिथे पूर्वी धुलाईघर होतं तिथे. टेबलामागे एक कारकून बसला होता, कानावर पेन्सिल.

‘नाव?’
‘माझं की आईचं?’
‘ज्यांच्यासाठी चालणार त्यांचं.’

सांगितलं. त्याने वहीत बोट फिरवलं. ‘हे गेलं की हो, बाई.’

गेलं! जसं काही खिडकीजवळची जागा.

‘एका नावामागे एकच,’ म्हणाला. ‘नाहीतर एकेका आजोबांच्या मागे अख्खं घर चालतं आणि दारात ढकलाढकली होते.’
‘अहो, पण मी थोरली.’
‘थोरली-धाकटी असा रकाना नाही यात.’

माझा चेहरा बघून त्याला दया आली असावी. ‘कोरं कापड आहे,’ म्हणाला. ‘नाव नसलेले पण चालतात काहीजण. देऊ?’ घेतलं. क्रमांक दोनशे बारा. पांढरं स्वच्छ कापड, त्यावर काही नाही. ज्या बाईने आईची नखं कापली तिच्या पाठीवर काही नाही.

लहानपणी माझे जुने फ्रॉक तुला मिळायचे म्हणून तू भोकाड पसरायचीस. नवीन दिसलं की आधी झडप घालायची, ही सवय तुला तेव्हाच लागली असणार. फॉर्म भरण्याआधी मला एक ओळ लिहिली असतीस, तर काय टपालखातं बुडालं असतं?

तर मीही चालते आहे. दहा तारखेपासूनच सुरू केलंय, तुला सांगितलं नव्हतं. रोज सकाळी तलावाभोवती. बूट यांचे जुने, आत पुठ्ठा आणि दोन मोजे. अंतर मोजायला मला घड्याळ-यंत्र काही लागत नाही, देवाने माळ दिलीय. एक पाऊल, एक नाव, एक मणी. शिवणाच्या टेपने पाऊल मोजलं, बावीस इंच भरलं. यांनी गुणाकार करून दिला: सतरा माळा म्हणजे एक किलोमीटर. माळा बोटांच्या पेरांवर मोजते. सतरा झाल्या की कोटाच्या डाव्या खिशातलं एक बटण उजव्या खिशात. जपही होतो, चालणंही होतं, पैसा एक नाही.

काल सहा बटणं झाली. कशासाठी चालतेस म्हणशील, तर देवासाठी. आणखी कशासाठी ते देवाला माहीत आहे.

फोटो अजून सापडला नाही.

ताई

५ फेब्रुवारी

ती. ताईस नमस्कार,

बटणं! ताई, मी दुकानात सगळ्यांना सांगितलं. आमचा काचा घासणारा म्हणाला, ‘तुमच्या बहिणीला पेटंट घ्यायला सांगा.’

रागावू नकोस, पण भाऊजींनी त्यांच्या चिठ्ठीत लिहिलंय की परवा तू अकरा किलोमीटर चाललीस आणि त्याला साडेचार तास लागले. साडेचार? अगं, एवढ्या वेळात आमच्याकडचे सत्तरीचे आजोबा जाऊन, येऊन, आंघोळ करून पेपर वाचतात. मध्ये कुणाच्या ओट्यावर बसतेस का? तलावाभोवती गोल गोल फिरू नकोस, कंटाळा येतो आणि पाय जड होतात. किलोमीटरचे दगड असतात त्या मोठ्या रस्त्याने जा, चाल सुधारेल. मी या रविवारी एकोणीस पूर्णांक दोन केले, साडेतीन तासांत.

हे मी फुशारकी म्हणून लिहिलं असं तू म्हणशील. असेल थोडी. माझ्याकडे दुसरं आहे काय, ताई? आई तुझ्याजवळ होती. तिचं आजारपण तुझं, तिचं बरंवाईट तुझं, शेवटचा श्वासही तुझा. मी पोचले तेव्हा पलंगावर धुतलेली चादर होती. मी तुला दोष देत नाही, तुला तरी काय ठाऊक असणार. तू नोव्हेंबरात लिहिलं होतंस, ‘घाईने येण्यासारखं काही नाही.’ ते पत्र अजून माझ्या खणात आहे. कधीकधी काढून वाचते आणि मलाच म्हणते, तुला अक्कल हवी होती.

दोन गोष्टी विचारते, आणि या वेळी विषय बदलू नकोस. मी बनवून पाठवलेला चष्मा आईला बसला का? तू कधी लिहिलंच नाहीस. आणि शेवटी शेवटी ती माझ्याबद्दल काही बोलली का? एखादा शब्द असला तरी चालेल.

तुझी
छोटी

१२ फेब्रुवारी

चि. छोटीस आशीर्वाद,

मी कुणाच्या ओट्यावर बसत नाही. पाण्याचा घोटही चालत घेते. तुझ्या आजोबांना आंघोळ करून पेपर वाचू दे, त्यांना घरी जाऊन स्वयंपाक करायचा नसतो.

तुझं पत्र यांना वाचून दाखवलं, तर हे वेगळंच बोलायला लागले. ‘परवा तुझ्यामागून तलावावर आलो होतो,’ म्हणाले. ‘पाव फेरीत धाप लागली मला. तू एवढी सुसाट सुटलेली असतेस आणि आकडा येतो अकरा. टेप बिघडलाय का तुझा?’ मी टेप काढून फूटपट्टीवर लावून बघितला. बरोबर आहे. बिघडलं असेल तर माझं नशीब.

एकोणीस पूर्णांक दोन. वाचलं. मग रात्रीची भांडी जरा आपटलीच मी. देवासमोर बसले तर मणी ओढताना नावाऐवजी एकोणीस, एकोणीस असंच येत होतं. असं मन घेऊन पुण्याचं काम करायचं म्हणजे खरकट्या हाताने नैवेद्य दाखवण्यासारखं आहे. पण सुटत नाही. तुला सगळं लवकर मिळतं गं. शिक्षण मिळालं, नोकरी मिळाली, आईचं नाव मिळालं. मला मिळाला अकराचा आकडा, तोही साडेचार तासांनी.

चष्मा ठीक होता.

आई शेवटी फारसं बोलत नव्हती. वॉर्डातल्या थोरल्या सिस्टरला विचार हवं तर. ती आता बदलून गेलीये म्हणतात.

रविवारपासून अंतर वाढवते आहे. फोटो बघते.

ताई

११ मार्च

चि. छोटीस आशीर्वाद,

महिनाभरात तुझी दोन कार्डं आली. पहिल्यावर: ‘२० किमी. सर्व ठीक.’ दुसऱ्यावर: ‘२५ किमी. पुढच्या रविवारी ३०. सर्व ठीक.’ ना कप्तानांची शिट्टी, ना काचा घासणारा, ना माझ्या बटणांची थट्टा.

पहिलं कार्ड आलं तेव्हा माझा जळफळाट झाला, तो लपवत नाही. पंचवीसचं आलं तेव्हा मी दुसऱ्या दिवशी चौदा बटणं चालले आणि घरी येऊन उंबऱ्यातच बसले. यांनी बूट काढले. पायाला दोन फोड. हे म्हणाले, ‘कुणाशी शर्यत आहे?’ मी म्हटलं, ‘कुणाशी नाही.’ ‘मग बरं,’ म्हणाले, ‘कारण ती पुढे आहे.’

पण काल दुपारी तुझी सगळी पत्रं क्रमाने लावली. माझी सवय तुला माहीत आहे, वाणसामानाची यादीसुद्धा मी दोनदा तपासते. जानेवारीत तू साडेअकरा चाललीस. फेब्रुवारीत एकोणीस पूर्णांक दोन. त्यानंतर वीस. पंचवीस. तीस.

छोटे, खरा आकडा एवढा गोल येत नाही. किराणावाला जेव्हा गोल रक्कम सांगतो, तेव्हा त्याने मोजलेलं नसतं.

तू चालत नाहीयेस. काय झालंय ते लिही. तुझा आकडा खोटा आहे हे कळल्यावर पहिल्या क्षणी मला आनंद झाला, हेही लिहून ठेवते. दुसऱ्या क्षणी पेन शोधायला उठले.

ताई

१९ मार्च

ती. ताईस,

तुझ्यापुढे खोटं टिकत नाही, हे मी विसरले होते. आईसुद्धा म्हणायची, थोरलीपासून काही लपवायचं तर साखरेच्या डब्यात नका लपवू, ती चमचे मोजते.

सोळा फेब्रुवारीला चालताना डाव्या नडगीत कळ आली. कप्तान थांब म्हणत होते, मी थांबले नाही. तुझं पत्र आलं होतं ना, अंतर वाढवते म्हणून? घरी आले तर पाय टेकवेना. हाडाला बारीक तडा गेलाय. गुडघ्यापर्यंत कडक बूट बांधलाय. डॉक्टर म्हणतात एप्रिलच्या सुरुवातीला काढू, पण चाळीस किलोमीटर विसरा. दुकानात स्टुलावर बसून चष्मे लावते. लोकच मला विचारतात, ‘बाई, खालची ओळ दिसते ना?’

तुला का नाही सांगितलं? तू म्हणाली असतीस, देव बघतो. किंवा म्हणाली नसतीस, नुसता विचार केला असतास, तरी मला इथे ऐकू आलं असतं. ताई, तुझ्या बाराशे साठपुढे माझे चाळीस तरी असावेत असं वाटत होतं. तेही होत नाहीत म्हटल्यावर कार्डावर तरी करून घेतले.

आता कामाचं. समितीला एक एप्रिलच्या आत कळवायचं आहे की आईच्या नावामागे कोण चालणार, नाहीतर नाव रद्द. तुला विचारायचं फार मनात होतं. पण तू चौदापर्यंत आलीस आणि उंबऱ्यात बसलीस. चाळीस म्हणजे त्याच्या जवळजवळ तिप्पट. तू पडलीस तर भाऊजींना मी काय तोंड दाखवू? म्हणून कप्तानांना विचारलं. ते लगेच हो म्हणाले. त्यांचं स्वतःचं कुणी तिथे गेलेलं नाही, तेव्हा त्यांना कोणतंही नाव चालतं. भला माणूस आहे.

आईच्या नावाचं कापड सोबत पाठवते. त्यावर फोटो शिवून तयार ठेव. तुझा टाका सरळ येतो. कप्तान धरणावर तुझ्याकडून घेतील.

छोटी

२४ मार्च

चि. छोटीस आशीर्वाद,

तुझं पत्र काल सकाळी मिळालं. आलेली वस्तू: कापड एक, आईच्या नावाचं. किंमत मोजता येत नाही. आज यांना वाढून लगेच लिहायला बसले, भांडी तशीच आहेत.

आधी कप्तानांचं. त्यांना माझा नमस्कार सांग, आणि सांग की ज्यांना कोणतंही नाव चालतं त्यांना माझ्याकडचं कोरं कापड मिळेल. क्रमांक दोनशे बारा, न वापरलेलं. आईचं नाव घराबाहेर जाणार नाही.

तुला वाटतं मला चाळीस जमणार नाहीत. तो आकडा मीच तुला दिला आणि तोच चुकीचा होता. मागच्या गुरुवारी मी तुझं ऐकलं आणि दगडांच्या मोठ्या रस्त्याने गेले. पाचवं बटण पडलं आणि समोर दगड, त्यावर आमच्या गावापासून दहा. म्हटलं, रोवणाऱ्याने चूक केली असेल. सहावं बटण पडलं तर दगड बाराचा. तिथे थांबले, आणि माळ हातात घेऊन, खाली पायांकडे बघत वीस पावलं चालले.

छोटे, नाव उजव्या पायाला पडतं. फक्त उजव्या. आयुष्यभर बसून जप केला, बसल्या माणसाला पाय दोन आहेत हे कुठे लक्षात राहतं? एका नावात माझी दोन पावलं होत होती. डावा पाय अडीच महिने फुकट चालला. तू ज्याला हसलीस ते साडेचार तासांचं अकरा म्हणजे बावीस होतं. उंबऱ्यात बसले ते अठ्ठावीस चालून बसले. गुरुवारी परत घरी येईपर्यंत सोळा बटणं झाली, म्हणजे बत्तीस, आणि आल्यावर मी कणीक मळली.

यांना सांगितलं तर हसताना ठसका लागला. ‘माझा गुणाकार बरोबर होता,’ म्हणाले, ‘बायकोच निम्मी धरली गेली.’

तेव्हा चाळीस मी चालेन. पण हे कापड अंगावर घ्यायच्या आधी तुला काही सांगायचं आहे. देवापुढे बसून लिहिते म्हणत मी तुला अर्धंच लिहीत आले. माझा जप झाला तसंच.

चष्मा बसला होता का, असं तू विचारलंस. आई शेवटी बोलली का, असं विचारलंस.

पलंगाशेजारच्या खुर्चीत मी बसले की आई म्हणायची, ‘छोटी, आलीस?’ पहिल्या दिवशी मी म्हटलं, ‘आई, मी थोरली.’ ‘हो का,’ म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, ‘हो, आले.’ त्या दिवशी ती वाटीभर दूध प्यायली आणि माझा हात सोडेना. त्यानंतर रोज मी छोटी झाले. दुकानात गर्दी होती का विचारायची, मी हो म्हणायचे. थोरली कशी आहे, असंही एकदा विचारलं. मी म्हटलं, बरी आहे. ‘तिला म्हणावं, दमू नकोस,’ म्हणाली. माझा निरोप मलाच मिळाला.

मग तुझा चष्मा आला. छान बसला. तो लावून तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, ‘अगं, तू होय.’ एवढंच. पण तिचा चेहरा उतरला तो मी पाहिला. चष्मा पुसून मी तिच्या खणात ठेवला आणि पुन्हा काढला नाही.

नोव्हेंबरात डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. ‘धाकटीला बोलावून घ्या,’ म्हणाले. त्याच दुपारी मी तुला लिहिलं की घाईने येण्यासारखं काही नाही. मनाला सांगितलं, तिची रजा, तिचं भाडं, उगाच धावपळ. माझ्याकडे काटकसरीची कारणं कधी कमी नसतात. खरं कारण एकच होतं. तू खरी आली असतीस, तर त्या खुर्चीत मी कोण उरले असते? नखं मी कापायची, चादरी मी बदलायच्या, आणि हाक तुझ्या नावाने. निदान त्या हाकेला ओ देणं तरी माझं असू दे, असं वाटलं.

म्हणजे अक्कल तुला नव्हती असं नाही. पत्र माझं खोटं होतं. ते खणातून काढ आणि फाडून टाक.

बाराशे साठ किलोमीटर मी चालले हे खरं आहे. पण दारातून आत शिरायची ती दर वेळी तूच.

आता माझं ठरलंय ते ऐक. धरणापासून इस्पितळाच्या कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत आईचं नाव माझ्या पाठीवर. तिथे तू स्टूल टाकून बस. मी आले की कापड काढून तुला घालेन, आणि तिथून दारापर्यंत तू चालायचंस. काल जाऊन मोजलं. चारशे बारा पावलं आहेत, दोन्ही पाय धरून. काठी घे, माझा खांदा घे, पण आत तू जायचंस.

कारकुनालाही विचारून आले. ‘एका नावामागे एकच, असा नियम आहे, बाई.’ मी म्हटलं, ‘एका वेळी एकच असेल की.’ त्याने कानावरची पेन्सिल काढली, परत लावली. ‘तुम्ही वकील व्हायला हवं होतं.’ म्हटलं, ‘मॅट्रिकच्या पुढे कुणी विचारलं नाही.’

हे तुला देताना जिवावर येतंय, ते तू मला ओळखतेसच. टाळ्या दारात वाजणार, औषधाच्या दुकानापाशी नाही. मी थर्मास हातात घेऊन मागून येणार, आणि मला राग येणार. येऊ दे. सात महिने तिने रोज विचारलं, ‘छोटी, आलीस?’ एकदा तरी त्याचं खरं उत्तर त्या दारातून आत जायला हवं.

सोबत चष्मा पाठवते आहे, कापसात गुंडाळून. या वेळी तिकिटं वजन करून लावलीत, तुला काही भरावं लागणार नाही. आईचा फोटो हरवला नव्हता, माझ्या पोथीत होता. तो कापडावर शिवायला घेतला आहे.

तुला राग येईल. यायलाच हवा. रागावून ये, बोलू नकोस, चहाही घेऊ नकोस, पण ये.

कापडाच्या दोन्ही बाजूंच्या नाड्या अजून लावायच्या आहेत, आणि त्या दोघींच्या अंगाला बसायला हव्यात. माझं माप आहे. डॉक्टर चारशे बारा पावलं चालू देतात का, आणि तुझं छातीचं माप किती, एवढं दोनच ओळींत उलट टपाली कळव. सुई ओवून ठेवली आहे.

तुझी
ताई